पाइनवुडसाठी डी-३ पांढरा गोंद: नऊ महिने आणि एक पावसाळा

डी-३ हा लाकडाच्या गोंदाचा दर्जा, अधूनमधून लागणारं पाणी सोसणारा. वापर तीन ठिकाणी: फळ्या जोडून केलेलं टेबल, चपलांचा रॅक, बाल्कनीतलं कुंड्यांचं स्टँड. लाकूड पॅकिंगच्या पेट्यांमधलं पाइन.

टेबलाचे सांधे जसेच्या तसे आहेत. उरलेला जोडतुकडा हातोड्याने फोडला तर शेजारचं लाकूड फाटतं, गोंदाची रेघ धरून राहते. बाकी ठिकाणी जे सुटलं त्यात गोंदाचा दोष कमी, तयारीचा जास्त.

पेटीवरचा ‘एचटी’ शिक्का बघून लाकूड वाळलंय असं समजू नका. किडीसाठी गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची ती खूण आहे. मीटरवर ओल १२ टक्क्यांच्या आत येऊ द्या. रॅकची एक फळी १७ वर असतानाच जोडली गेली. ऑक्टोबरच्या उन्हात तिचा सांधा टोकाकडून उकलला, कारण टोकं आधी वाळतात.

राळेचा त्रास वेगळा. रंधलेली फळी दोन दिवस पडून राहिली की राळ वर येते आणि गोंद मुरत नाही. जोडायच्या दिवशीच धारदार रंध्याचा एक हात मारा, गाठीजवळ ॲसिटोनचं फडकं फिरवा. मग पाण्याचा थेंब टाकून बघा: मण्यासारखा उभा राहिला तर परत रंधा.

गोंद चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम. मे महिन्यात पाचेक मिनिटांत साय धरते, म्हणून क्लॅम्प आधीच मापाला लावून ठेवा. खाली लाकडी ठोकळे हवेतच, नाहीतर पाइनवर वळ उठतात. कडेने बारीक थेंब सलग आले की आवळणं पुरे. फळीचं कापलेलं टोक मात्र गोंद पिऊन टाकतं. तिथे पाच मिनिटांच्या अंतराने दोन हात द्या, तरी भार डोवेलवरच (सांध्यात बसवलेल्या लाकडी खुंट्यांवरच) ठेवा.

स्टँडच्या पायांशी पाणी साचायचं. तिथली रेघ पांढरी, नखाने खरवडण्याइतकी मऊ झाली. डी-३ ची अटच तशी आहे: कोरड्या सांध्याने निदान १० न्यूटन प्रति चौरस मिमी ताण सोसायचा, चार दिवस भिजल्यावर फक्त २. वाळल्यावर ताकद बरीचशी परत येते, पण रोज पाणी घालणाऱ्या घरात वाळणार कधी? तिथे इपॉक्सीच.

टेबल दुसऱ्याच दिवशी रंधलं ही घाई झाली. गोंदातल्या पाण्याने सांध्यालगतचं लाकूड फुगलेलं असतं. ते तासलं आणि नंतर आकसलं की चर पडते. चार-पाच दिवस थांबायला हवं होतं. उन्हात तिरपं पाहिलं की ती चर अजून दिसते.