पांढरा कोळसा की काळा कोळसा?

आपल्याकडे कपाशी निघाली की पऱ्हाटी, म्हणजे तिची वाळकी झाडं, बांधावर पेटवून देतात, तीच दळून दाबली की पांढरा कोळसा, म्हणजे ब्रिकेट. त्यावर जीएसटी ५ टक्के. दगडी कोळशावर आधी ५ टक्के आणि वर टनाला ४०० रुपये सेस, म्हणजे जादा कर, होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि जीएसटी १८ झाला. वाटतं ब्रिकेटवाल्याची चांदी! पण बॉयलरमध्ये कोळसा जाळणाऱ्या कारखान्यावाल्याला स्वतःच्या मालावर जीएसटी भरायचा असेल तर कोळशावर भरलेले १८ टक्के तो क्रेडिटमध्ये, म्हणजे त्या देण्यातून, वळते करून घेतो, सेसचं तसं होत नव्हतं, म्हणजे त्याला उलट काळा कोळसाच आधीपेक्षा स्वस्त पडला ना भाऊ. क्रेडिट नसलेल्यानेच ब्रिकेटचा हिशोब करावा, तोही पऱ्हाटी जवळ मिळत असेल तर, वजनाला हलका माल, ट्रॅक्टरचं भाडंच खाऊन टाकतं.