नळी ठणठणीत, लायटरने जीव खाल्ला: टॉर्चवर तापणारं बिनबॅटरीचं व्हेपोरायझर, पावसाळा ते थंडी

काल आणखी एक टॉर्च लायटर, म्हणजे जोरदार निळी ज्योत फेकणारा गॅसचा लायटर, बसला. खटका दाबला की ठिणगी पडते, गॅसचा सूंऽऽ आवाजही येतो, पण ज्योत धरत नाही. खटखट करून अंगठा दुखायला लागला की मग एकदाच भप्पकन पेटतो आणि लगेच विझतो. व्हेपोरायझर, म्हणजे पाला न जाळता तापवून त्याची वाफ ओढायची नळी, मात्र घेतलं तसंच ठणठणीत आहे. त्यामुळे आधीच सांगतो, हा अनुभव व्हेपोरायझरचा कमी आणि लायटरचा जास्त असणार आहे. 'बॅटरी नाही, चार्जिंग नाही, कटकट नाही' असं विकणारे छातीठोक सांगतात. अहो, चार्जिंग नाही, पण गॅस कोण भरणार? तुमचे तीर्थरूप?

रचना थोडक्यात: नळीच्या टोकाच्या पोकळीत वाळका पाला भरायचा, आतली जाळी तो अडवते. टोकावर धातूची टोपी बसते, ती बाहेरून ज्योतीने तापवायची आणि नळीच्या दुसऱ्या बाजूने वाफ ओढायची. ओ-रिंग म्हणजे भाग घट्ट बसवणारी लवचीक कडी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या डायनाव्हॅपने गाजवलेली ही टोपीवाली जात. माझ्याकडची नळी कुणाची ते सांगत नाही, कारण ज्याच्याकडून घेतली त्याच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. बॅटरीवालं घ्यायचा प्रश्नच नव्हता. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद केलं, आणि न जाळता नुसती तापवणारी विजेवरची उपकरणंही त्याच व्याख्येत बसवली. आणि 'हर्ब' (नळीत भरायचा वाळका पाला) म्हटलं की ज्यांचे कान टवकारतात त्यांच्यासाठी: माझ्या नळीत ओवा, तुळस आणि निलगिरीची वाळकी पानं जातात. गांजाला 1985 चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा आहे, तो विषय इथे नाही. माझी सिगारेट सुटली पण हाताचा चाळा सुटेना, म्हणून हा उद्योग. यात औषधी गुण वगैरे आहेत असा माझा दावा नाही. आमच्या डॉक्टरांना नळी दाखवली तर म्हणाले, "वाफ घ्यायचीय तर पातेल्यात पाणी उकळ की." तेही खरंच आहे.

टोपीचं कौतुक आधी उरकतो. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये असते तशीच दोन धातूंची चकती या टोपीत आहे. ठरलेल्या तापमानाला ती झटकन उलटी वाकते आणि टक् वाजतं. निवताना परत सरळ होते, पुन्हा टक्. पहिल्या टक्‌ला ज्योत बाजूला करायची आणि दुसऱ्या टक्‌पर्यंत पुन्हा तापवायचं नाही, बस्स. यात बिघडण्यासारखं काही नाहीच. आमच्या विट्यात (सांगली जिल्हा) मात्र एक अडचण आहे. यंत्रमागाची शेड चालू असली की टक् सोडा, समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शेडमध्ये कापसाची रुई उडत असते, तिथे टॉर्च पेटवायचा विचारही कुणी करू नये. मी मागे पाण्याच्या टाकीपाशी जातो, तरी धडधड तिथवर येतेच. पण नळी बोटांत हलकी धरली की चकती उलटताना बारीक झटका जाणवतो. आता मी कानांपेक्षा बोटांवर जास्त विसंबतो. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनीही हे करून बघावं.

आता लायटर.

नळीबरोबर तीन ज्योतींचा लायटर 'फ्री' आला. खोक्यावर ड्रॅगनचं चित्र, आणि गॅस किती उरला ते दिसायची खिडकी नाही. तिन्ही ज्योती एकसारख्या कधी पेटल्याच नाहीत. एक सरळ निळी, दुसरी तिरकी, आणि तिसरी दिवाळीतल्या ओल्या फुलबाजीसारखी फुरफुरणारी. तुम्ही म्हणाल, असेना, एक तर चालतेय. पण या वस्तूत सगळा खेळ टोपी चहूबाजूंनी सारखी तापण्याचा आहे. बोटांत नळी फिरवत राहिलं तरी तिरकी ज्योत एका अंगाला जास्त लागते. परिणाम बघायचा असेल तर वापरलेला माल कागदावर झटकून बघा. माझ्या चिमूटभर तुळशीतली अर्धी कोळशासारखी काळी आणि उरलेली हिरवीगार, जशीच्या तशी निघायची. वाफ राहिली बाजूला, घशात नुसता जळका धूर. न जाळता तापवण्यासाठी पैसे मोजायचे आणि शेवटी जाळूनच ओढायचं, मग बिडी काय वाईट होती?

विकणाऱ्याला फोन लावला. पोरगा गोड बोलणारा.

"सर, टोपी बदलून देतो आपण."

"अहो, टोपीला काय धाड भरलीय? लायटर बदला."

"सर, लायटर गिफ्ट आयटम आहे, त्याला वॉरंटी नाही. आणि लायटर ज्वलनशीलमध्ये येतो, कुरिअरने परत मागवता येत नाही."

"मग पाठवला कसा?"

यावर पोरगा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, तो रिकामा पाठवतो आम्ही."

"मग मी पण रिकामाच पाठवतो की."

"सर, वापरलेल्यात गॅस राहतो थोडा."

मुद्दा चुकीचा नाही, लायटरच्या पार्सलला कुरिअरवाले खरंच कां कूं करतात. पण मग अशी वस्तू बरोबर द्यायची आणि 'कंप्लीट किट' म्हणून वर पैसे लावायचे, हा कुठला न्याय? शेवटी आठवड्याभरात पार्सल आलं. आत काय, तर टोपी. नवीकोरी. जुनीइतकीच छान टक् टक् करणारी.

पहिला परिच्छेद सोडला तर इथवरचा मजकूर मी गणपतीच्या सुमारास लिहून ठेवला होता आणि त्यात लायटरला शिव्यांशिवाय काही नव्हतं. पुढे दोन गोष्टी कळल्या, त्यामुळे मत थोडं बदललंय. थोडंच.

पहिली गोष्ट मामांनी दाखवली. सांगली जिल्ह्यातल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: विटा, खानापूर, आटपाडी या आमच्या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून चोख करणं. मामांचं उभं आयुष्य तामिळनाडूत मूस आणि भट्टीसमोर गेलं. आता गावी असतात. मी टाकीपाशी खटखट करत होतो, ते येऊन नुसते बघत उभे राहिले. मग हात पुढे केला.

"आण हिकडं. कशाला पेटवतोयस ह्ये?"

सांगितलं. त्यांनी नळीकडे बघितलंही नाही, ज्योतीकडे बघितलं.

"टोक पिवळं मारतंय बघ. हवा मिळंना तिला. आन् तू धरतोयस कुठं? ह्या आतल्या निळ्या सुळक्यात धरून काय हुतंय? तिथं निस्ता कच्चा गॅस आसतोय. सुळक्याच्या म्होरं धर, जरा लांब. आच तिथं आसती."

बघा करून. टॉर्चच्या ज्योतीत आत एक गडद निळा सुळका असतो. त्याच्या आत गॅस पुरता जळलेला नसतो. सगळ्यात कडक आच सुळक्याच्या टोकाच्या किंचित पुढे. मामांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, पण पुस्तकातही हेच आहे. तेव्हापासून टोपी सुळक्याच्या पुढे बोटभर अंतरावर धरतो आणि सावकाश फिरवतो. अर्ध्या जळक्या तुळशीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

उरलेला निम्मा म्हणजे पिवळं टोक. त्यासाठी लायटर रिकामा करून उघडला. ज्योतीच्या तोंडाखाली हवा आत घ्यायची बारीक भोकं असतात. त्यात काय सापडावं? रुई. पांढरी, तेलकट, घट्ट बसलेली. यंत्रमागवाल्याच्या खिशात रुई असणारच, आणि फुकटच्या लायटरला तोंडावर झाकण नाही. मागावरची रुई उडवायला आमच्याकडे कॉम्प्रेसर आहेच, त्याची हवा अगदी हलकी करून मारली. लायटर नव्यासारखा पेटला. तिन्ही ज्योती सरळ! त्या दिवशी मी त्या पोराला मनातल्या मनात निम्मी माफी दिली. पुढच्या आठवड्यात लायटर परत फुरफुरायला लागला, तेव्हा ती परत घेतली.

कारण दुसरी गोष्ट, गॅस. पानटपरीवर मिळणारा छोटा डबा मी डोळे झाकून भरत होतो. स्वस्त ब्युटेनमध्ये तेलकट मळ असतो, तो ज्योतीच्या सुईएवढ्या छिद्रात साचत जातो. साध्या पिवळ्या ज्योतीच्या लायटरला त्याने फरक पडत नाही, टॉर्चचा गळा मात्र तिथेच आवळला जातो. गाळीव, शुद्ध म्हणून विकला जाणारा डबा घ्या. महाग आहे, दुप्पटीच्या आसपास. मला तो घेताना पोटात दुखलं, आता दुखत नाही. भरण्याआधी लायटरची ज्योत सगळ्यात कमीवर आणायची, बुडाचा व्हॉल्व्ह बारीक स्क्रू ड्रायव्हरने दाबून आतली हवा आणि शिळा गॅस काढून टाकायचा. मग लायटर उलटा, डबा त्याच्यावर उलटा, आणि सरळ दाबायचा. हवा काढली नाही तर टाकी अर्धीच भरते आणि आपण 'गॅस लगेच संपतो' म्हणून बोंबलत बसतो. भरल्यावर लायटर गार पडलेला असतो, त्याला काही मिनिटं तसाच ठेवायचा. आणि हे सगळं करताना आजूबाजूला देवघरातला दिवासुद्धा नको.

थंडीत आणखी एक गंमत. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो, म्हणजे जितकं गार तितका आतला दाब कमी. खानापूरच्या घाटमाथ्यावर डिसेंबरात पहाटे लायटर मरगळतो, ज्योत आखूड होते, टोपी तापायला किती वेळ लागतो विचारू नका. मुठीत किंवा आतल्या खिशात थोडा वेळ धरला की ताळ्यावर येतो. उन्हाळ्यात उलटं. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात लायटर ठेवणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. तीन ज्योती हव्यातच असंही आता वाटत नाही. एका ज्योतीचा, झाकणाचा आणि गॅसची खिडकी असलेला लायटर घ्या. वेळ जास्त लागतो, पण आच हातात राहते. 2023 मध्ये सरकारने 20 रुपयांखालच्या आयात लायटरवर बंदी घातली ती साध्या सिगारेट लायटरच्या बाजारासाठी, पण टॉर्चवाल्यांच्या गर्दीतही थोडी झाडलोट झाली असती तर मी पेढे वाटले असते.

चव आणि मालाबद्दल थोडक्यात. निलगिरीतला मुख्य घटक सिनिओल 176 अंशांना उकळतो, ओव्यातला थायमॉल 232 ला. प्रत्यक्ष वाफ त्याच्या आधीपासूनच सुटायला लागते, पण क्रम तोच. चकती टोपीच्या बंद टोकाला असल्यामुळे टोकाजवळ तापवलं की टक् लवकर वाजतं आणि आतला माल तुलनेने गार राहतो. टोपीच्या मुळाशी तापवलं की टक् उशिरा आणि माल जास्त तापतो. म्हणून निलगिरीला टोक, ओव्याला मूळ. ओवा अख्खा भरू नका, खलबत्त्यात दोन दणके द्या, पूड मात्र नको, जाळीतून तोंडात येते. ओवा घशाला चांगलाच झोंबतो. एरवी तुळस बरी.

सफाईला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). त्यात भाग बुडवून ठेवायचे, मग पूर्ण, म्हणजे पूर्ण, वाळू द्यायचे. ओल्या भागाला टॉर्च लावलात तर भुवया जातील. ओ-रिंग सैल झाली तेव्हा पंप दुरुस्तीवाल्याकडून फुकट आणलेली काळी रबरी रिंग लावली होती, पहिल्याच आचेला सायकलचं टायर जळाल्यासारखा वास. सिलिकॉनचीच घ्या, काही रुपयांची वस्तू आहे.

तर नळी घ्यावी का? घ्या. चार्जर नाही, स्क्रीन नाही, दोन वर्षांनी फुगणारी बॅटरी नाही, आणि सगळी मोकळी करून धुता येते. फक्त 'किट' घेऊ नका. नुसती नळी घ्या, वाचलेल्या पैशांत झाकणाचा लायटर आणि शुद्ध गॅसचा डबा घ्या. माझा हिशोब केला तर लायटर आणि टाकाऊ गॅसवर जे गेलं त्यात नळीची निम्मी किंमत निघाली असती. घरात हा हिशोब अजून कुणाला सांगितलेला नाही.

काल बसलेला लायटर झाकणवालाच आहे. छिद्र साफ, रुई नाही, गॅस शुद्ध. बहुतेक ठिणगीची तार वाकलीय, मामा संध्याकाळी येतो म्हणालेत. विकणाऱ्याकडच्या त्या पोराने पुन्हा फोनवर टोपी बदलून देऊ का विचारलं. मागच्या वेळचीच माझ्याकडे एक जादा टोपी आहे, टक् टक् बरोबर करते. हवी असेल त्याने विट्यात येऊन घेऊन जावी, कुरिअर करणार नाही.