आयात बियाण्यांतील विषाणू: एलायझा, आरटी-पीसीआर की रोपे वाढवून तपासणी?

बियाणे कितीही टपोरे आणि निरोगी दिसले तरी त्यात विषाणू नाही असे केवळ पाहणीवरून म्हणता येत नाही, त्यामुळे आयात माल तपासणाऱ्या क्वारंटाइन प्रयोगशाळेला एलायझा (विषाणूला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी होणारी चाचणी), आरटी-पीसीआर (विषाणूच्या आरएनएच्या, म्हणजे जनुकीय द्रव्याच्या, प्रती वाढवून होणारी चाचणी) आणि बी पेरून रोपे तपासणे यांतून निवड करावी लागते.

वनस्पती विषाणूंसाठी १९७७ पासून वापरात आलेली एलायझा ही स्वस्त पद्धत असून तिच्या एका ९६ खणांच्या पट्टिकेत पुष्कळ नमुने एकाच वेळी तपासता येतात. मात्र तिची प्रतिपिंडे जवळच्या नात्यातील विषाणूंनाही प्रतिसाद देतात, आणि टोमॅटोच्या बियांत ही अडचण विशेष जाणवते, कारण ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस व जुना टोमॅटो मोझॅक व्हायरस हे दोघेही टोबॅमो या एकाच विषाणूगटातले आहेत. तेथे आरटी-पीसीआरच हवी. ती अत्यल्प आरएनएही शोधते आणि विषाणू नेमका कोणता हे सांगते. पण निर्जंतुक केलेल्या बियांवर उरलेला निष्प्रभ विषाणूही ती दाखवते, हा तिचा मोठा दोष आहे.

विषाणू बियाण्यात आहे म्हणजे तो रोपात उतरेलच असे नाही, हे निर्णय घेणाऱ्याने विसरू नये. वाटाण्यातील सीड-बोर्न मोझॅक व्हायरस केवळ बीजावरणात असेल तर रोप निरोगी निघू शकते. भ्रूणात असेल तरच धोका खरा. याचे थेट उत्तर कीटकरोधक हरितगृहात रोपे वाढवूनच मिळते. त्याला कित्येक आठवडे लागतात, शिवाय लक्षणे न दाखवणारी रोपे निसटू नयेत म्हणून पानांची पुन्हा एलायझा करावी लागते.

व्यापारी मालासाठी मी आरटी-पीसीआर निवडेन. जनुककोशासाठी (पिकांचे वाण जतन करणाऱ्या बीजसंग्रहासाठी) आलेल्या मूठभर बियांना मात्र रोपे वाढवणेच योग्य, कारण एलायझा किंवा आरटी-पीसीआरसाठी दळलेले बी परत मिळत नाही, तर निरोगी रोपांपासून पुढचे बियाणे घेता येते.

पद्धतीइतकाच नमुन्याचा आकारही निर्णायक असतो. हजारात एक बी बाधित असेल, तर ४०० बियांच्या नमुन्यात ते येण्याची शक्यता जेमतेम ३३ टक्के, आणि ३००० बियांच्या नमुन्यात सुमारे ९५ टक्के असते. एवढा नमुना घेतला नसेल, तर सर्वांत महाग चाचणीचा नकारात्मक निकालही विश्वासार्ह मानू नये.

निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया केलेल्या टोमॅटो बियाण्याचा आरटी-पीसीआर निकाल सकारात्मक आला, तर त्या बियाण्याचा अर्क निकोटियाना ग्लुटिनोसा या तंबाखूवर्गीय चाचणी-वनस्पतीच्या पानांवर चोळून पाहावा. काही दिवसांत स्थानिक ठिपके उमटले तर विषाणू संसर्गक्षम आहे असे समजून माल अडवावा.