दारावरची खांद्याची कप्पी, सात महिने वापरून

आधीच सांगते, या कप्पीने फ्रोजन शोल्डर बरा होत नाही. सांध्याभोवतीची पिशवीच जाड होऊन आक्रसलेली असते, ती आठवड्यात सैल होईल म्हणून घ्याल तर वस्तू माळ्यावरच जाणार. मला डायबेटिस, त्यात पन्नाशी, म्हणजे या दुखण्याचं हमखास गिऱ्हाईक. एक्स-रे नॉर्मल, पण हात मी उचलला काय नि डॉक्टरांनी उचलला काय, तिथेच अडायचा, त्यावरूनच त्यांनी ओळखलं.

वस्तू साधीच, दारात अडकवायचा पट्टा, छोटी कप्पी, दोरी, दोन हँडल. दाराकडे पाठ करून खुर्चीत बसायचं, चांगल्या हाताने दोरी खाली ओढायची की दुखरा हात वर जातो, त्याने स्वतः जोर लावायचाच नाही. रात्री कूस बदलली तरी जाग यायची त्या दिवसांत मी दात-ओठ खाऊन ओढत बसले आणि दुखणं वाढवून घेतलं. फिजिओ वैतागली, म्हणाली आत्ता फक्त पुढे वाकून हात लोंबता सोडा नि हलकेच झुलवा. मग स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं (शुगर काही दिवस चढते हं, लक्ष ठेवा), झोप लागायला लागली आणि तेव्हा कुठे कप्पी कामाची वाटली. शेक घेऊन दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, ताण बसेल इथपर्यंत, कळ येईल इथपर्यंत नाही. दोरीवर स्केचपेनने खूण केलेली, महिन्याभरात ती चार बोटं खाली आली तेव्हा एकटीच हसले.

तक्रारी आहेत. हँडलवरचा फोम गोल फिरतो, घामेजल्या हातातून निसटतो. आणि सोबतच्या कागदावर हे लिहायलाच हवं होतं की दार आपल्यापासून लांब उघडणारं हवं, मी उलट्या बाजूला बसले, दोरी ओढली आणि दार धाडकन माझ्या डोक्यात.

मोठी उणीव म्हणजे कप्पीने हात वर जातो, पण बाहेरच्या बाजूला वळत नाही, आणि फ्रोजन शोल्डरमध्ये सगळ्यात जास्त अडतं ते तेच. त्याला साधी काठी बरी, कोपर अंगाला चिकटवून काठी दोन्ही हातांत आडवी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा.

पाचात साडेतीन. केसांना मागे क्लिप आता दोन्ही हातांनी लागते, ब्राचा हूक मात्र अजून पुढे लावून मागे फिरवते.