टर्नटेबलसाठी ॲम्प्लिफायर: यामाहा ए-एस३०१ वापरल्यानंतरचा अनुभव

टर्नटेबलसाठी ॲम्प्लिफायर घ्यायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न वॉटचा विचारला जातो. कित्येक महिने जवळजवळ रोज तबकड्या ऐकल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की तो प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण संकेत घेणारे खास सॉकेट, पाहावे, मग जोडणी आणि घराचे अर्थिंग. माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचे एलपी१२०एक्स यूएसबी हे टर्नटेबल, यामाहाचा ए-एस३०१ हा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणि ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर आहेत. घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे आणि शेजारी यंत्रमाग चालतात, त्यामुळे पुढच्या काही गोष्टी खास इथल्या आहेत.

या टर्नटेबलसोबत येणारे व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुईची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) सुमारे ४ मिलिव्होल्ट इतकाच संकेत देते, तर सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्ट मिळतात. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, म्हणजे खाचा आटोपशीर राहतात आणि खरखर दबते. १९५४ साली रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे (कोणता स्वर किती वाढवायचा-घटवायचा याचे ठरलेले प्रमाण) वाजवताना हे नेमके उलट करावे लागते, हीच आरआयएए दुरुस्ती; १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा स्वर सुमारे २० डेसिबलने वर घ्यावा लागतो आणि २० किलोहर्ट्झचा तितकाच खाली आणावा लागतो. क्षीण संकेत वाढवणे आणि ही दुरुस्ती करणे, ही दोन्ही कामे फोनो विभाग करतो. तो नसलेल्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्स (साध्या लाइन) इनपुटला कार्ट्रिज सरळ जोडले, तर आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येतो, आणि व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी त्यात डग्गा सापडत नाही.

नवी पेठेत चौकशी करताना मला प्रामुख्याने मंडपात वापरतात तसे पीए (जाहीर ध्वनिक्षेपणाचे) ॲम्प्लिफायर दाखवण्यात आले. ते दणकट असतात, पण बहुतेक मोनो असतात आणि लांबवरच्या हॉर्नसाठी १०० व्होल्ट लाइन देणे हे त्यांचे खरे काम; घरात दोन स्पीकरवर ख्याल ऐकण्यासाठी ते बनवलेलेच नाहीत. जुन्या भारतीय स्टिरिओ ॲम्प्लिफायरबाबत अधिक सावध राहावे लागते. त्यांच्या मागे पिकअपचे सॉकेट दिसले म्हणून ते आजच्या कार्ट्रिजला चालेलच असे नाही, कारण त्या काळच्या अनेक प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असे, ते शेकडो मिलिव्होल्ट संकेत देई आणि त्याला सुमारे १ मेगाओहमचे इनपुट लागे. आजच्या मूव्हिंग मॅग्नेट (व्हीएम९५ई सारख्या, चुंबकावर चालणाऱ्या) कार्ट्रिजला ४७ किलोओहमचे आणि आरआयएए दुरुस्ती असलेले इनपुट हवे. घेण्यापूर्वी दुकानात तबकडी लावून ऐकणे हीच खात्रीची परीक्षा.

एलपी१२०एक्समध्ये स्वतःचा फोनो विभाग आहे आणि मागे फोनो व लाइन असा स्विच आहे. यामाहातही फोनो इनपुट असल्यामुळे मला दोन्ही मार्ग आलटून पालटून ऐकता आले. अशी तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणणे अत्यावश्यक आहे, नाहीतर जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. पातळी जुळवल्यावर यामाहाच्या फोनो इनपुटमधून तानपुऱ्याची जवारी अधिक मोकळी ऐकू आली आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत सळसळ कमी जाणवली. फरक आहे, पण तो अफाट नाही. ज्यांच्या ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट नाही त्यांनी टर्नटेबलमधला विभाग वापरून खुशाल ऐकावे. मात्र स्विच लाइनवर ठेवून केबल फोनो सॉकेटमध्ये कधीही घालू नये. तसे केल्यास आरआयएए दुरुस्ती दोनदा होते, खर्ज सुजतो आणि आवाज फाटतो. केबलची लांबीही इथे महत्त्वाची आहे, कारण या कार्ट्रिजला केबल आणि इनपुट मिळून १०० ते २०० पिकोफॅरडची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) सुचवलेली आहे; लांब आरसीए केबल ती मर्यादा सहज ओलांडते आणि तार स्वरांचा तोल बिघडतो.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ५० हर्ट्झच्या घुमघुमीचा माग काढण्यात, आणि या विषयावर नीट लिहिलेले फार थोडे सापडते. पहिली खूण अशी की टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) तबकडीच्या मध्याकडे सरकवताना घुमघुम कमीजास्त होत असेल, तर कार्ट्रिज ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडत आहे. टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या वर ठेवू नये याचे हेच मुख्य कारण. मी दोन्ही शेजारी, हातभर अंतरावर ठेवले आहेत. आर्म कुठेही असला तरी घुमघुम सारखीच राहत असेल, तर अर्थच्या तारेकडे पाहावे. टर्नटेबलची बारीक तार ॲम्प्लिफायरच्या जीएनडी स्क्रूला घट्ट बसलीच पाहिजे. तो स्क्रू म्हणजे घराचे अर्थिंग नव्हे, त्याला भिंतीतली तार जोडू नये. तिसरे कारण अर्थच्या फेऱ्याचे, म्हणजे दोन उपकरणांना अर्थचे एकाहून अधिक रस्ते मिळण्याचे असते. माझ्याकडे टर्नटेबलची यूएसबी केबल डेस्कटॉप संगणकाला लावली की घुमघुम सुरू होई आणि काढली की थांबे, कारण संगणकाच्या तीन पिनी प्लगमधून एक वेगळा रस्ता तयार होत होता. आता ध्वनिमुद्रण करायचे असेल तेव्हा मी बॅटरीवर चालणारा लॅपटॉप वापरतो आणि तक्रार उरलेली नाही. घुमघुम घालवण्यासाठी एखाद्या उपकरणाची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये, त्यात जिवाला धोका आहे. जुन्या घरांत तिसरी पिन असते पण तिच्यामागे अर्थच नसतो, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून ते एकदा मोजून घ्यावे.

यंत्रमागांचा प्रश्न निराळा. माग चालू असताना त्यांची थरथर जमिनीतून कपाटात आणि कपाटातून सुईपर्यंत पोहोचते. ती कानांना फारशी ऐकू येत नाही, पण वूफरचा पडदा आतबाहेर हलताना स्पष्ट दिसतो आणि ॲम्प्लिफायरची शक्ती त्यातच खर्च होते. वाकलेल्या तबकडीनेही हेच होते, कारण ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवरचा एक उंचवटा सेकंदाला साधारण अर्धा हेलकावा देतो. यावर सबसॉनिक फिल्टर (कानाला न ऐकू येणारे अतिखर्ज गाळणारी सोय) हा योग्य उपाय आहे, पण या यामाहात त्याचे बटण नाही आणि ही मला त्यातली खरी उणीव वाटते. मागांपासून दूरच्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर जाड फळी आणि फळीवर टर्नटेबल ठेवल्यापासून पडद्याची हालचाल पुष्कळ कमी झाली.

आता वॉटविषयी. यामाहा ८ ओहमला दर चॅनेलमागे ६० वॉट देतो. माझ्या स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल असल्यामुळे एका वॉटमध्येच मीटरभर अंतरावर बऱ्यापैकी मोठा आवाज मिळतो, आणि वॉट दुप्पट केले तरी पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. मध्यम आकाराच्या खोलीला ६० वॉट भरपूर आहेत. स्पीकरच्या तारा जोडताना दोन्हीकडे लाल-काळे जुळले आहे याची खात्री मोनो तबकडी लावून करावी. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे. तो पसरट, दिशाहीन वाटला आणि खर्ज गळाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या आहेत. मोनोचे बटणही या ॲम्प्लिफायरला हवे होते, कारण जुन्या मोनो तबकड्यांवर दोन्ही चॅनेल एकत्र केले की खाचेत सुई वर-खाली हलल्याने येणारी खरखर बरीच कटते.

इथल्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हाही हा ॲम्प्लिफायर एकदाही बंद पडला नाही. वर वीतभर मोकळी जागा आहे आणि त्यावर काहीही झाकलेले नसते. वीज जाऊन घर इन्व्हर्टरवर आले की मात्र ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असल्यामुळे तसे होते, म्हणून त्या वेळी मी संच बंद ठेवतो.

ज्यांच्याकडे एलपी आहेत आणि एकाच पेटीत सर्व सोय हवी आहे, त्यांना ए-एस३०१ मी निःशंकपणे सुचवेन. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांसाठी मात्र एवढ्याने भागत नाही. टर्नटेबलला ती गती आहे आणि व्हीएमएन९५एसपी ही रुंद सुई याच कार्ट्रिजवर हाताने बसते, पण १९५४ पूर्वीच्या बहुतेक तबकड्या वेगळ्या वक्रांनी कापलेल्या असल्यामुळे आरआयएए त्यांना अचूक लागू होत नाही. बास आणि ट्रेबलची बटणे फिरवून मी सध्या तो तोल कानाने जुळवतो; त्या तबकड्याच प्रामुख्याने ऐकणाऱ्याने वक्र बदलता येणारा स्वतंत्र फोनो प्री-ॲम्प शोधावा आणि तो याच ॲम्प्लिफायरच्या लाइन इनपुटला जोडावा.