जुना लॅपटॉप, एमएक्स लिनक्स आणि पाकळीचा ल

माझा लॅपटॉप चालू व्हायला किती वेळ घेतो हे मी कुकरच्या शिट्ट्यांवर मोजायचे. सकाळी बटण दाबायचं, ओट्याशी जायचं, कुकर चढवायचा. तिसऱ्या शिट्टीला पासवर्डची खिडकी येई, आणि फाइल उघडेपर्यंत वरणाला फोडणी बसलेली असे. घरात कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाच वाटायचं, कारण मी तासावर नाही, पानावर पैसे घेते.

मी सदाशिव पेठेत घरी बसून मुद्रितशोधन करते, थोडी अक्षरजुळणीही. अप्पा बळवंत चौकातले दोन-तीन प्रकाशक, पावसाळ्यात दिवाळी अंक, आणि बारा महिने कोणाच्या ना कोणाच्या एकसष्टीचे गौरवग्रंथ. लॅपटॉप २०१३ च्या दसऱ्याचा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, उजव्या बिजागरीला तडा, बॅटरी चाळीस मिनिटांची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो किमान आठव्या पिढीचा. माझा तिसरीतच बसलेला.

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने लॅपटॉप हातात घेऊन, नाडी बघावी तसा तळाला हात लावून सांगितलं, "मॅडम, यात आता पैसे घालू नका. नवीन घ्या." नवीन म्हणजे चाळीस हजार. मी सोळाशे रुपयांची २४० जीबीची एसएसडी (जुन्या फिरत्या डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घेतली आणि बाहेर पडले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, कारण लिनक्सचे (विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या फुकट सिस्टिमचे) भक्त ती सांगत नाहीत. पुष्कळ लोक एसएसडी आणि लिनक्स एकाच दिवशी बसवतात आणि वेगाचं सगळं श्रेय लिनक्सला देऊन मोकळे होतात. माझ्या भाचीने (डिप्लोमाला आहे, हात चांगला आहे) आधी आठवडाभर एसएसडीवर विंडोज १०च ठेवून दिलं. तेही पाऊण मिनिटात उभं राहू लागलं. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या वाचवल्या त्या एसएसडीने. फरक होता तो पुढे: काहीही न उघडता चारपैकी सव्वादोन जीबी रॅम विंडोजनेच धरून ठेवलेली असे. त्यावर शंभर पानांची पीडीएफ, लिहायची फाइल आणि ब्राउझर असं तिन्ही उघडलं की यंत्र दम लागल्यासारखं करायचं.

लिनक्स मला अगदीच अनोळखी नव्हतं. २००८ च्या सुमारास उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची सीडी फुकट पोस्टाने घरी यायची, तशी एक माझ्या भावाने मागवली होती. ती आम्ही कधीच लावली नाही. पुढे बरीच वर्षं ती गॅलरीत कबुतरं हाकलायला दोऱ्याने टांगलेली होती, आणि ते काम तिने चोख केलं.

भाचीने लिनक्सच्या तीन प्रकारांचे (यांना डिस्ट्रो म्हणतात) तीन पेन ड्राइव्ह करून आणले. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून बघता येतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. ज्यांना भीती वाटते त्यांनी एवढं तरी करून बघावं.

पहिलं अँटिएक्स. खरं हलकं म्हणतात ते हेच. काही न उघडता अडीचशे एमबीच्या आत रॅम. पण राहायला वसतिगृहाच्या खोलीसारखं: खाट आहे, कपाट आहे, पडदे तुमचे तुम्ही आणा. खिडक्या सांभाळणारे प्रोग्रामच तीन-चार, कोणता घ्यायचा तुम्ही ठरवा. दोन जीबीच्या यंत्रासाठी मी डोळे मिटून हेच सुचवेन. माझ्याकडे चार होते, मी लाडावले.

दुसरं लुबुंटू. दिसायला नीटस, विंडोजवरून येणाऱ्याला परकं वाटणार नाही. पण त्यात फायरफॉक्स स्नॅप नावाच्या डब्यात बंद होऊन येतो आणि लॅपटॉप चालू केल्यावर पहिल्यांदा उघडताना मला चांगलाच तिष्ठत ठेवायचा. डब्यातून बाहेर काढायच्या युक्त्या आहेत म्हणे. मला युक्त्या नको होत्या.

तिसरं एमएक्स लिनक्स, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपचं (डेस्कटॉप म्हणजे समोर दिसणाऱ्या खिडक्या, मेनू, पट्ट्या). अँटिएक्स आणि जुन्या मेपिस या दोन गटांनी मिळून २०१४ मध्ये हे सुरू केलं. पाया डेबियन या जुन्या लिनक्सचा, जो १९९३ पासून आहे. खुद्द एमएक्सवाले याला हलकं म्हणत नाहीत, मध्यम वजनाचं म्हणतात, आणि ते खरं आहे: माझ्याकडे सुरुवातीलाच सातशे एमबीच्या आसपास रॅम जाते. पण वायफाय, आवाज, स्क्रीनचा उजेड कमीजास्त करायची बटणं, सगळं पेन ड्राइव्हवरच चाललं. एकच चमत्कारिक गोष्ट म्हणजे खालची पट्टी इथे डाव्या बाजूला उभी असते. मी भाचीला म्हटलं, "ही आधी खाली आण." ती म्हणाली, "मावशी, आठ दिवस राहू दे, मग सांग." आठ दिवसांनी मीच राहू दे म्हटलं. आडव्या स्क्रीनवर पान वाचताना उभी जागा जास्त मिळते. मुद्रितशोधनाला याहून मोठी सोय नाही.

आता माझ्या कामाचं. कोणी लिनक्सबद्दल लिहिलं की सेकंद आणि एमबी मोजतात, मराठी टंकताना काय होतं ते सांगत नाहीत. माझा सगळा निकाल तिथे लागणार होता.

मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या सरकारी कीबोर्ड मांडणीवर, टाइप करते. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन भारत, मग मराठी असं निवडलं की देवनागरी लगेच उमटते. मी खूश. मग 'क्षमा' टंकायला शिफ्ट आणि ७ दाबलं, तर क्ष येईना. त्र, ज्ञ, श्र यांचंही तेच. कारण समजायला दोन दिवस गेले: या नुसत्या लेआउटमध्ये एका बटणाला एकच चिन्ह मिळतं आणि क्ष म्हणजे क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं. तोडून टाइप केलं तर येतं, पण वीस वर्षांची बोटांची सवय शिफ्ट-७ वर जाते. उपाय आयबस हा टंकायच्या पद्धती सांभाळणारा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन नावाचं पॅकेज. ते बसवलं, आयएम-कॉन्फिग या सेटिंगमध्ये आयबस निवडला, एकदा बाहेर पडून परत आत आले, आणि क्ष जागेवर. त्या यादीत टाइपरायटर, फोनेटिक, आयट्रान्स असे बाकीचेही पर्याय आहेत, ज्याला जे येतं ते.

दुसरी परीक्षा 'ऱ्य'ची. शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य. आला तर 'आचाऱ्यांना', चुकला तर 'आचार्यांना'. हा फरक ज्यांना क्षुल्लक वाटतो त्यांनी एका संस्कृत पंडितांच्या गौरवग्रंथाचं मी तपासलेलं पहिलं प्रूफ बघायला हवं होतं. त्यात आचार्यांचे सगळीकडे आचारी झाले होते. एमएक्सवर हा ऱ्य लिब्रऑफिस या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये, फायरफॉक्समध्ये, फाइलच्या नावातसुद्धा नीट दिसतो. पैकीच्या पैकी.

आणि मग ल आणि श. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श, शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात प्रमाण ठरवलेला, संगणकावर बहुतेक वेळा हिंदी वळणाचाच दिसतो आणि आपण निमूट चालवून घेतो. लिब्रऑफिसमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा हिंदीवरून मराठी केली आणि माझ्यासमोर नोटो फॉन्टमधला ल पाकळी उघडून बसला. अक्षरांचे दोन्ही आकार फॉन्टमध्येच असतात, भाषा सांगितली की योग्य तो निघतो. हे विंडोजवरही होत असेल. मला मात्र ते इथे, फुकटच्या प्रोग्राममध्ये, रात्री साडेअकराला दिसलं, आणि मी झोपलेल्या नवऱ्याला उठवून दाखवलं. त्याने "बरं" म्हटलं.

शुद्धलेखन तपासणीचं मराठी एक्स्टेन्शन बसवता येतं, पण त्याच्यावर विसंबू नका. 'घराकडच्यांनासुद्धा' असा शब्द दिसला की ते लाल रेघ मारतं. प्रत्ययावर प्रत्यय चढवायची आपली खोड त्याला पेलत नाही. माझी नोकरी शाबूत आहे.

आता जिथे मार खाल्ला ते. प्रकाशकांच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नाहीत. त्या काळच्या फॉन्टमध्ये आहेत, जिथे देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्टची फाइल घरच्या फोल्डरात टाकली की वाचता येतात, प्रूफ बघता येतं. पण दुरुस्ती टंकायला त्या पॅकेजचा कीबोर्ड चालक लागतो, आणि तो फक्त विंडोजवर चालतो. युनिकोडमध्ये रूपांतर करून घेता येतं, पण जोडाक्षरं आणि रफार तिथेच मोडतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून प्रूफ. अशा कामांसाठी मी आता सरळ प्रकाशकाच्या कचेरीत जाऊन बसते. महिन्यातून दोन दिवस. तुमचं सगळं काम जुन्या फॉन्टांत असेल तर हा लेख इथेच सोडा, लिनक्स तुमच्यासाठी नाही.

प्रिंटर हे दुसरं दुखणं. निम्म्या पुण्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तसा छोटा पांढरा लेझर प्रिंटर माझ्याकडे आहे. कंपनीने लिनक्ससाठी चालक दिलाय, पण तो इतका जुना की बसवताना भाचीच्या दोन संध्याकाळी आणि माझे तीन वेळचे चहा गेले. आता पहिली प्रत छान येते. दुसरी पाठवली की प्रिंटर गप्प. बंद करून चालू केला की पुन्हा एक. म्हणून मी सगळी प्रूफं एकाच पीडीएफमध्ये जोडते आणि एकदाच पाठवते. प्रिंटर नवा घेणार असाल तर आधी लिनक्सवर चालतो का ते बघून घ्या. मैत्रिणीचा एचपीचा न सांगता सवरता चालला.

आणि ब्राउझर. डिस्ट्रो कितीही हलकं घ्या, वेबसाइटी हलक्या होत नाहीत. व्हॉट्सॲप वेब, मेल आणि एक बातम्यांचं पान उघडलं की दीड जीबी गेलीच. सिस्टिमने वाचवलेली रॅम ब्राउझर व्याजासकट खातो. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बसवल्यावर सर्वांत जाणवण्यासारखा फरक पडला, आणि जुनाट रॅमची आणखी एक पट्टी सातशेला मिळाली तेव्हा खरी सुटका झाली. बँकेची साइट, वीजबिल, व्हिडिओ कॉल सगळं फायरफॉक्समधून होतं. व्हिडिओ कॉलला तळ इतका तापतो की खाली पाट ठेवते.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, लागतं का, हा प्रश्न मला सोसायटीतल्या तिघांनी विचारला. रोज नाही. अपडेटचं चिन्ह पट्टीवर हिरवं होतं, दाबायचं, पासवर्ड द्यायचा. मध्येच आपणहून बंद पडून 'थांबा, काम चालू आहे' असं सांगणं नाही. मी २३ क्रमांकाची आवृत्ती दिवाळी झाल्यावर बसवली आणि लगेच नोव्हेंबरात २५ आली. एमएक्समध्ये मुख्य आवृत्ती बदलायची तर नव्याने बसवणं हाच सरळ मार्ग, आपला घरचा फोल्डर राखून ठेवता येतो. मला घाई नाही. २३ च्या खालच्या डेबियन १२ ला २०२८ च्या जूनपर्यंत सुरक्षेची डागडुजी मिळणार आहे. तोवर बिजागरी टिकली म्हणजे मिळवली.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेलं अवजार म्हणजे एमएक्स स्नॅपशॉट. आपण मांडलेलं सगळं घर, फॉन्ट, आयबस, इनस्क्रिप्ट, उभी पट्टी, याची एक प्रत करून पेन ड्राइव्हवर ठेवता येते, आणि ती दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी बसते. करताना खाती पुसून टाकायचा पर्याय आहे. दुसऱ्याला द्यायची असेल तर तोच घ्या, नाहीतर तुमचे पासवर्डही पाहुणचाराला जातील. कुमठेकर रस्त्यावर माझ्यासारखंच काम करणाऱ्या मैत्रिणीला मी अशी प्रत दिली. तासाभरात ती क्ष टंकत होती. आता तिच्या नणंदेचा २००८ सालचा लॅपटॉप माळ्यावरून खाली आलाय. तो बत्तीस-बिटचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरचा निघाला तर माझी प्रत त्यावर चालणार नाही, ती चौसष्ट-बिटची. एमएक्स २५ मध्ये तर बत्तीस-बिट ठेवलेलंच नाही, म्हणजे २३ चीच बत्तीस-बिट आवृत्ती किंवा मग अँटिएक्स. रविवारी घेऊन या म्हटलंय, पेन ड्राइव्ह दोन्ही तयार आहेत.