आठ महिने भिंतीवर सान हुआन

दिवाळीआधी घराला रंग दिला तेव्हा हॉलची लांब भिंत मुद्दाम मोकळी सोडली होती. तिथे कॅरिबियन बेटांवरच्या रस्त्यांचे जुने फोटो लावले, त्याला आता आठ महिने झाले.

आधी मन अमेरिकी फोटोग्राफर वॉकर इव्हान्सने १९३३ मध्ये क्युबातल्या हवानात काढलेल्या फोटोंवर होतं. पण त्या फोटोंवर प्रताधिकार, छापून लावणं बरं वाटेना. मग जॅक डेलानो हा फोटोग्राफर सापडला. अमेरिकी सरकारच्या नोकरीत असताना, १९४१-४२ मध्ये, तो पोर्टो रिको (राजधानी सान हुआन) आणि व्हर्जिन बेटांत फिरला. सरकारी काम असल्याने त्या फोटोंवर प्रताधिकार नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून मोठ्या फाइली फुकट उतरतात. मी सहा उतरवल्या.

पहिली चूक आकाराची. व्हर्जिन बेटांपैकी सेंट क्रॉयवरच्या क्रिश्चनस्टेड गावाचा रंगीत फोटो मी तीन फूट रुंद छापून घेतला. फिल्म ३५ मिमीची. एवढी ताणल्यावर जवळून नुसते दाणे दिसतात. सोफ्यावरून मात्र झकास. डेन्मार्कने १९१७ मध्ये ही बेटं अडीच कोटी डॉलरला अमेरिकेला विकली, पण कमानींचे डॅनिश पदपथ तिथेच राहिले. दुपारच्या उन्हात त्या कमानींखालची सावली इतकी गार दिसते की मेमध्ये मी पंख्याऐवजी तिच्याकडेच बघायचे.

दुसरी चूक काचेची. साध्या काचेत समोरची खिडकी आणि आमचा टीव्ही दिसायचा, सान हुआन नाही. नॉन-ग्लेअर काच बसवली, खर्च जवळजवळ दुप्पट झाला. तो सुरुवातीलाच करा. मॅट कागद आणि रुंद पांढरा माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घ्या, त्यात काटकसर नको. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरच्या एका फ्रेमच्या मागच्या हार्डबोर्डला बुरशी आली. आता फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवल्यात, हवा खेळते. फोटो वाचला.

कृष्णधवल फोटो सगळ्यात टिकाऊ, डोळ्यालाही आणि भिंतीलाही. रंगीत दोन किंचित फिकटलेत. प्रिंटवाल्याने 'कलर जात नाही' म्हणून सांगितलं होतं, असो.

एक फोटो मात्र मी तिथून उतरवला. एल फांगितो, म्हणजे 'छोटा चिखल'. सान हुआनची ही झोपडपट्टी दलदलीवर खांब रोवून उभी होती. डेलानोने तो फोटो सरकारी कामात तिथली दैना दाखवायला काढला होता आणि मी लावला जेवणाच्या टेबलासमोर. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "अगं, त्या पोरांसमोर घास उतरत नाही माझ्या घशाखाली." मी दोन महिने ऐकलं नाही. मग एका रविवारी आमरस वाढताना माझंच लक्ष तिकडे गेलं.

तो आता माझ्या कामाच्या खोलीत आहे. जेवणाच्या टेबलासमोरची गिट्टी भिंतीतच राहिली, तिच्यावर सध्या कालनिर्णय लटकतंय.